पहिला डाव तुझा



सर, आज एक कबुली देतो. तेव्हाच्या उस्मानाबादेत वहीचे पैसे आम्ही स्टँडजवळच्या व्हिडिओ गेमवर उडवायचो.

१९८० साली जपानच्या नामको कंपनीनं काढलेला पॅकमॅन आता रीतसर परवान्यानं पुन्हा बनतो. यंत्र मूळच्या पाऊणपट, पण चित्र तेच, आवाज तोच. मी घरी आणलंय. त्यात नाणं टाकावं लागत नाही.

तेव्हा नाणं लागायचं आणि ते माझ्याच खिशात असायचं. मागं उभा राहून "डावीकडं वळ!" म्हणून ओरडणाऱ्या मित्राला मी एकदाही खेळू दिलं नाही. तो आज समोर बसलाय.

गड्या, घरी ये. पहिला डाव तुझा. मागं उभा राहून मी ओरडतो.