बालकांचे कान

“लेकरांस वाद्यवृंदांतलें काय कळणार?” असें म्हणून आपण त्यांस घरींच ठेवितों. परंतु १९३६ सालीं मॉस्को येथें सेर्गेई प्रोकोफिएव्ह यांनीं नाताल्या सात्स यांच्या बालनाट्यगृहासाठीं ‘पीटर आणि लांडगा’ ही संगीतकथा रचिली. तींत पक्षी बोलतो बांसरींतून, मांजर क्लॅरिनेटमधून, तर लांडगा तीन फ्रेंच हॉर्नांतून. प्रयोगापूर्वीं हीं वाद्यें मुलांस दाखवून त्यांचे सूर ऐकवावे, अशी खुद्द रचनाकाराची सूचना आहे. मग हॉर्न घुमतांच बालक आपण होऊन म्हणतें, “लांडगा आला!” ओळख पटली, कीं कान जागे होतात. म्हणून मायबापहो, मुलांस नुसतें “गप्प बसा” म्हणूं नका. आधीं वाद्य दाखवा, प्रश्न विचारा आणि त्यांच्या उत्तराची वाट पाहा.