रन, रॅन, रन



संयोजकांनी बजावलंय, ‘‘पाच मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर नको.’’ म्हणून एका शब्दावर बोलते. पाचवीत आपलं इंग्रजी सुरू झालं आणि पुढे बाईंनी सगळ्या वर्गाकडून एका सुरात घोकून घेतलं : रन, रॅन, रन. रन म्हणजे धावणे.

या एका अर्थाच्या शिदोरीवर मी १९९८ साली इंजिनिअरिंगला गेले. प्रॅक्टिकलला सर म्हणाले, ‘‘रन इट.’’ समोर टर्बो सीचा निळा पडदा. काय धावायचं, कुठे, काही कळेना. शेजारच्या मुलीनं कंट्रोल आणि एफ-नाइन दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला आणि पुन्हा निळा. मला वाटलं, मीच काहीतरी बिघडवलं. उत्तर बघायला ऑल्ट आणि एफ-फाइव्ह दाबावं लागतं, हे फार उशिरा समजलं. विचारायला इंग्रजी हवं होतं, आणि नेमकं तेच नव्हतं. तोंडी चाचणीत मी गप्प उभी राहिले. दिवाळीत घरी आले ती परत जायचं नाही, असं ठरवूनच.

बाबांनी वाद घातला नाही. बाईंकडे पाठवलं. बाईंनी शब्दकोश पुढ्यात ठेवला. म्हणाल्या, ‘‘रन काढ.’’ वाचतेय तर संपेचना. नाक रन होतं, म्हणजे वाहतं. कपड्याचा रंग रन होतो, म्हणजे जातो. निवडणुकीला रन करतात, म्हणजे उभे राहतात. क्रिकेटमध्ये रन आउट म्हणजे बाद, आणि घरातली साखर रन आउट झाली म्हणजे संपली. यंत्र, दुकान, शाळा सगळं रन होतं, म्हणजे चालतं. बाई हसल्या, ‘‘बघ, त्यांचं जे धावतं, ते आपलं नुसतं चालतं!’’ मग म्हणाल्या, ‘‘वर्गात साठ मुलं आणि पस्तीस मिनिटांचा तास. त्यात मी एकच अर्थ देऊ शकले. तो चुकीचा नव्हता गं, अपुरा होता. बाकीचे तू मिळव.’’

खूप वर्षांनी वाचलं की ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत. ती नोंद तयार करायला पीटर गिलिव्हर या संपादकांना नऊ महिन्यांहून अधिक काळ लागला. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला नऊ महिने, आणि मी पहिल्या दोन महिन्यांतच हरले होते!

आपली मराठी तरी कुठे सोपी आहे? भूक लागते, ठेच लागते, निकाल लागतो, नोकरी लागते, वेडही लागतं. एका अमराठी सहकाऱ्यानं ‘लागणे’ म्हणजे काय ते विचारलं, तेव्हा मला तासभर सांगूनही नीट सांगता आलं नाही.

आज माझ्या टीममध्ये गावाकडून आलेली मुलं मीटिंगमध्ये गप्प बसतात. मी त्यांना ‘समजलं का?’ असं विचारत नाही. त्यावर सगळेच मान डोलावतात. मी विचारते, ‘‘कुठल्या शब्दाला अडलास?’’

बाई, त्या दिवाळीनंतर मी परत गेले, हे तुम्हांला माहीत आहे. पण तुमच्याकडे येण्याआधी मी होस्टेलची ट्रंक रिकामी करून माळ्यावर टाकली होती, हे आज पहिल्यांदाच सांगतेय. तुमच्याकडून घरी गेले आणि ती खाली काढली.