ट्रकच्या फळ्या

युद्धावर गेलेल्या स्त्रियांचं नाटक म्हटलं, की ‘वीरांगना’ शब्द आधी रंगमंचावर येतो. मग त्याच्याआड बाई दिसतच नाही. युरी ल्युबिमोव यांनी १९७१ साली मॉस्कोच्या तागांका थिएटरात बोरिस वासिल्येव यांची ‘इथली पहाट शांत असते’ ही लघुकादंबरी बसवली. काळ १९४२चा. विमानवेधी तोफांवरच्या पाच मुली, एक सार्जंट. समोर १६ जर्मन सैनिक. रंगमंचावर मात्र तोफ नाही, लष्करी ट्रक. त्याच्याच फळ्या सुटतात. त्यांचं जंगल होतं, दलदल होते. त्या दलदलीत लिझा बुडते. चित्रपटाला खरं पाणी लागतं. इथं फळी पुरते! पाचही जणी जातात. दोरांना टांगलेल्या फळ्या तेवढ्या उरतात. वॉल्ट्झ नाचणाऱ्या पोरींसारख्या त्या संथ गिरक्या घेत राहतात.