लेबनॉनमध्ये पाहुणा म्हणून



चिटणीसांचे पत्र आले तेव्हा त्यात 'परदेशातील नोकरीच्या संधी' या विषयावर चार शब्द बोलावेत अशी सूचना होती. मी त्यांना कळवले की, नोकरी कशी मिळवावी हे सांगणारे माझ्यापेक्षा जाणकार लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत. मी बोलेन ते तिकडच्या माणसांविषयी. आपल्या कोकणातली माणसे कित्येक पिढ्या जहाजावर आणि पुढे आखातात जात आली. वीस-वीस वर्षे तिकडे काढून परतलेले असे कितीतरी गृहस्थ मला ठाऊक आहेत, ज्यांनी तिथल्या एकाही घरी पाण्याचा पेला घेतलेला नाही. दोष त्यांचाच होता असे मी म्हणणार नाही. कंपनीची खोली, कंपनीची गाडी आणि सुट्टीच्या दिवशी आपल्याच गावची मंडळी. दुसरे काही घडायला वावच नव्हता. मी 1997 ते 2000 अशी तीन वर्षे बैरूतमध्ये एका बांधकाम कंपनीच्या हिशेबखात्यात होतो. कंपनीने राहायला खोली दिली नाही, म्हणून हम्रा भागात एका इमारतीत भाड्याने राहावे लागले. तेव्हा मी कुरकुर केली. आता वाटते, खोली मिळाली असती तर आज तुमच्यापुढे बोलायला माझ्याजवळ काही नसते.

लेबनॉन हा देश केवढा? 10,452 चौरस किलोमीटर. हा आकडा तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतो. आपले रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे एकत्र केले, तर त्याहूनही तो लहान आहे. एका बाजूला समुद्र, लगेच चढत जाणारा डोंगर आणि डोंगरापलीकडे बकाचे सपाट खोरे. समुद्रकिनारी भाजून निघत असताना वर पाहिले तर हिवाळ्यानंतरही शिखरांवर बर्फ दिसते. समुद्र आणि डोंगर यांच्या मध्ये राहणाऱ्या माणसांची जी घराबाहेर पडण्याची सवय आपल्याकडे आहे, तीच त्यांच्याकडे आहे. देशात जितके लेबनीज राहतात त्याहून अधिक लेबनीज वंशाचे लोक ब्राझील, अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया असे जगभर पसरलेले आहेत. ज्याच्या घरातला एकही माणूस परदेशी नाही असा माणूस मला तिथे क्वचितच भेटला. त्यामुळे 'घरी आई आहे का? फोन करतोस का?' हे प्रश्न मला पहिल्याच आठवड्यात विचारले गेले.

आता भाषेची गोष्ट. मी लहानपणी मदरशात कुराण वाचायला शिकलो, पुढे शाळेत थोडी अरबी झाली, आणि आपल्याला अरबी येते अशा समजुतीत मी विमानातून उतरलो. तिथे 'सर्व्हिस' म्हणून एक टॅक्सी असते, चार-पाच अनोळखी उतारू एकत्र नेणारी. तिच्या चालकाला मी अगदी शुद्ध, पुस्तकी अरबीत रस्ता विचारला. गाडीतले सगळे हसले. कोणी सभेत उभे राहून ज्ञानेश्वरीच्या मराठीत एसटीचे तिकीट मागावे, तसे ते झाले होते! त्यांच्या बोलीत 'काय'ला 'शू' म्हणतात. 'क़ाफ' हे अक्षर बैरूतची माणसे गिळून टाकतात, त्यामुळे क़हवा होतो 'अहवे' आणि क़ल्ब, म्हणजे हृदय, होते 'अल्ब'. मध्येच फ्रेंच शब्दही येतात, कारण दोन महायुद्धांच्या मधल्या काळात तिथे फ्रेंचांचा अंमल होता. विद्यार्थी मित्रहो, पुस्तकी अरबी शिका, तिच्याशिवाय वर्तमानपत्र वाचता येणार नाही. पण शेजाऱ्याशी बोलायचे तर बोलीच शिकावी लागते, आणि ती चुकत चुकत, हसे करून घेतच येते.

माझी घरमालकीण वयस्क विधवा होती. दर वाक्याला 'इन्शाअल्लाह', 'अल्हम्दुलिल्लाह', पाहुणा आला की 'तफद्दल'. मी एके दिवशी म्हणालो, आपण दोघे मुसलमान आहोत हे किती बरे झाले. तिने शांतपणे भिंतीकडे बोट केले. तिथे बीबी मरियमची तसबीर आणि खाली तेवणारा दिवा होता. ती ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होती. अरबी बोलणारे ख्रिस्ती इस्लामपूर्व काळापासून त्या प्रदेशात आहेत आणि परमेश्वराला ते अल्लाहच म्हणतात. पुढे मला कळले की बैरूतमध्ये 1865 साली पूर्ण झालेल्या अरबी बायबलच्या कामात बुत्रुस अल-बुस्तानी आणि नासीफ अल-याझिजी हे ख्रिस्ती विद्वान होते, तसे सैदा शहरचे मुस्लिम पंडित शेख युसूफ अल-असीर हेही भाषेसाठी होते. माझ्या डोक्यात अरबी म्हणजे मुसलमान हे समीकरण पक्के होते. ते त्या भिंतीपाशी मोडले.

पण ह्यावरून कोणी असे समजू नये की तिथे धर्माचा प्रश्नच नाही. तिथे 18 पंथांना सरकारी मान्यता आहे. 1943 च्या अलिखित करारापासून राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी आणि संसदेचा अध्यक्ष शिया असा रिवाज चालत आला आहे. लोकसंख्येची मोजणी 1932 नंतर झालेलीच नाही, कारण कोणाची संख्या किती हे उघड होणे कोणालाच परवडत नाही. 1975 ते 1990 अशी पंधरा वर्षे यादवी युद्ध झाले. त्या काळी ओळखपत्रावर पंथ लिहिलेला असे, आणि रस्त्यावरच्या नाक्यांवर ओळखपत्र पाहून माणसे मारली गेली. म्हणून तिथे कोणालाही 'तुम्ही कोण?' असे तोंडावर विचारू नका. आपल्याकडे आगगाडीत नाव, गाव, जात इतके पाच मिनिटांत काढून घेतात. तिथेही लोक 'गाव कोणते?' असे विचारून अंदाज बांधतात, पण परक्याने तो उद्योग करू नये. ज्याला सांगायचे असेल तो तुमच्याबरोबर जेवल्यानंतर सांगेल.

आणि जेवायला ते बोलावतातच. छोट्या छोट्या बशांनी मेज भरून जाते, त्यावरच ताव मारणारा नवखा फसतो, कारण खरे जेवण मागून येते. तब्बूले नावाची कोशिंबीर असते, तीत दलिया थोडा आणि पार्सली नावाचा कोथिंबिरीसारखा पाला भरपूर. आपल्या खिचडीची सख्खी बहीण म्हणावी अशी मुजद्दरा असते, मसूर, तांदूळ आणि वर करपवलेला कांदा. खाताना यजमान 'सहतेन' म्हणतो, म्हणजे तुला दुप्पट आरोग्य लाभो. तुम्ही 'अला अल्बक' म्हणायचे, म्हणजे ते तुझ्या हृदयाला लाभो. आई मुलाला लाडाने 'तोबुर्नी' म्हणते. शब्दशः अर्थ, तू मला पुरावेस. म्हणजे तुझ्या आधी मी जावे, तुझे मरण मला पाहावे लागू नये. हा शब्द मी प्रथम ऐकला तेव्हा दचकलो होतो. पंधरा वर्षे ज्या देशात आयांनी मुले पुरली, तिथे तो शब्द अजून लाडाचा कसा राहिला, याचे मला अजून नवल वाटते.

आता माझी फजिती सांगतो. कॉफी पिऊन कप खाली ठेवताना 'दायमे' म्हणायचे, असे मला शिकवले होते. अर्थ, असे नेहमी घडो, तुमच्या घरी ही कॉफी सदा राहो. हा शब्द मी अभिमानाने सगळीकडे वापरत असे. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याचे वडील वारले. मी भेटायला गेलो. पुरुष मंडळी भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर गप्प बसली होती. मला बिनसाखरेची कडू कॉफी मिळाली. मी ती प्यालो, कप ठेवला आणि स्पष्ट आवाजात म्हणालो, 'दायमे'.

दुःखाच्या घरी हा शब्द म्हणत नाहीत. तिथे 'अल्लाह यिरहमो' म्हणतात, म्हणजे परमेश्वर मृतावर दया करो. मी म्हणालो होतो की या घरात असेच नेहमी घडो! खोलीत कोणी हलले नाही. मग शेजाऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि माझ्या वतीने स्वतःच 'अल्लाह यिरहमो' म्हणाला. बाकीच्यांनी ते पुन्हा म्हटले. तीन-चार दिवसांनी जिन्यात तो भेटला, मी माफी मागू लागलो, तर म्हणाला, "शब्द चुकला, पण माणूस आला ना." त्यानंतर त्या इमारतीतली दारे मला खऱ्या अर्थाने उघडली. मी तीन वर्षांत मिळवलेल्या साऱ्या ओळखींचे मूळ त्या चुकीत आहे.

एक कडू गोष्ट सांगायला हवी, नाहीतर माझे बोलणे अर्धवट राहील. सगळ्याच परक्यांना तिथे मेजावर जागा मिळत नाही. घरकामासाठी तिथे श्रीलंका, फिलिपाइन्स, इथिओपिया, बांगलादेश अशा देशांतून बाया आणतात. 'श्रीलंकन' हा शब्दच तेव्हा मोलकरीण या अर्थी वापरला जाई. 'आमची श्रीलंकन इथिओपियाची आहे' असे वाक्य मी या कानांनी ऐकले आहे. 'कफाला' पद्धतीत बाईचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला, पासपोर्ट बहुधा त्याच्याच कपाटात, आणि 1946 च्या कामगार कायद्याने घरकामगारांना आपल्या कक्षेबाहेर ठेवले. 2020 च्या उन्हाळ्यात पैसे संपले तेव्हा कित्येक मालकांनी इथिओपियन बायांना त्यांच्या वकिलातीसमोर रस्त्यावर आणून सोडले. एकदा लिफ्टमध्ये एका सभ्य गृहस्थाने माझा रंग पाहून 'कोणाकडे कामाला आहेस?' असे मलाही विचारले होते. मी रागावलो. मग मला माझ्या घरच्या मोलकरणीचा वेगळा ठेवलेला कप आठवला आणि राग कुठे ठेवावा हे समजेना.

पालकांसाठी एक माहिती. आपल्या मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम 1874 साली निघाली, त्यानंतर चारच वर्षांनी, 1878 मध्ये, बैरूतच्या मुसलमानांनी मकासिद ही शिक्षणसंस्था काढली. मिशनऱ्यांच्या शाळा पुढे जात होत्या, आपली मुले मागे पडत होती, हीच काळजी तिथेही होती. त्यांनी पहिली शाळा काढली ती मुलींची. आपल्या शाळांत सातवीनंतर गळणाऱ्या मुलींचा विषय मघाशी अहवालात निघाला, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

मी परतल्यानंतर त्या शहराने फार भोगले. 2019 मध्ये बँकांनी लोकांचे पैसे अडकवले. 4 ऑगस्ट 2020 रोजी बंदरात साठवलेल्या अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे गेली. घरमालकीण त्यापूर्वीच वारली होती. तिचा मुलगा कॅनडात. शेजाऱ्याला फोन लागायला दोन दिवस गेले. खिडक्या एकही उरली नाही, माणसे आहेत, असे तो म्हणाला. 2024 च्या युद्धात दहा लाखांवर माणसे घरे सोडून निघाली, तेव्हा त्याच्या दोन खोल्यांत अकरा जण राहत होते. कोण होते, असे मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. फक्त कॉफी महाग झाली आहे अशी तक्रार केली, आणि आता येशील तेव्हा गोडच पाजीन, शब्द विसरू नकोस, असे म्हणाला.

तुमच्यापैकी कोणी तिकडे जाणार असेल तर बोलीतले चाळीस-पन्नास शब्द मी देवनागरीत उतरवून आणले आहेत, सभेनंतर घेऊन जावेत.