रिफायनरीची सुरखी



सिमेंट येण्याआधी आपले गवंडी घाणीत चुना मळायचे आणि त्यात भाजक्या विटांची पूड घालायचे. तिचं नाव सुरखी. नुसता चुना ओलाव्यात टिकत नाही. सुरखी पडली की तो पाण्यातही घट्ट होतो. रोमन लोकांनी हेच काम नेपल्सजवळच्या ज्वालामुखीच्या राखेकडून करून घेतलं. आज जिच्याबद्दल सांगणार आहे, ती पूड या दोघींच्याच कुळातली, पण तिचं माहेर तेलाच्या रिफायनरीत आहे.

जड तेलाचे मोठे रेणू तोडून पेट्रोल मिळवायला रेतीहून बारीक अशी उत्प्रेरकाची पूड लागते. १९४२ साली अमेरिकेत बॅटन रूजला ही पद्धत प्रथम कारखान्यात आली. मुंबईत माहुललाही ती चालते. पुडीवर काजळी धरते, ती सुमारे ७०० अंशांवर जाळतात आणि पूड पुन्हा कामाला लावतात. असे अगणित फेरे झाले, तेलातलं निकेल आणि व्हॅनेडियम अंगावर बसलं, की ती मंदावते. मग तिला काढून टाकतात.

मला हळहळ वाटते ती इथं. कारण ही पूड म्हणजे मुख्यतः सिलिका आणि अ‍ॅल्युमिना. सिमेंटमध्ये पाणी पडलं की जोडणारा पदार्थ तयार होतो, पण सोबत मोकळा चुनाही सुटतो, आणि तो ताकदीला फारसा कामाचा नसतो. दळून बारीक केलेली ही पूड त्याच चुन्याशी संयोग पावते आणि जोडणारा पदार्थ वाढवते. फ्लाय अ‍ॅश, म्हणजे वीजकेंद्रातली कोळशाची राख, याला आठवडे घेते. ही पहिल्या काही दिवसांतच कामाला लागते. स्पेनमध्ये व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी हे १९९०च्या दशकापासून तपासलं आहे.

हिच्यामुळे जितकं क्लिंकर, म्हणजे दळून सिमेंट करायचे भट्टीतले खडे, वाचेल, तितकी चुनखडी १४५० अंशांच्या भट्टीत जायची वाचेल, आणि तिच्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइडही.

अडचणी आहेत. पूड पाणी फार पिते, त्यामुळे माल लवकर घट्ट होतो. निकेल-व्हॅनेडियम पाण्यात झिरपत नाही ना, हे प्रत्येक खेपेला तपासलंच पाहिजे. त्यात सवलत नको. शिवाय सगळ्या सिमेंटला पुरेल इतकी ती निघतही नाही. म्हणून सुरुवात फरशी आणि पेव्हर ब्लॉकपासून करावी, असं मला वाटतं. तिथं साचा एक, मिश्रण ठरलेलं आणि तपासणी कारखान्यातच. माहुलहून अशा कारखान्यापर्यंत एक ट्रक जायचा आहे.