वजन पाहायला शिकू या

चिंचपाडा स्टेशनातून सुरत-भुसावळ मार्गावरची गाडी सुटताना नीट पाहा. आधी जेमतेम सरकते, वेग मागाहून येतो, आणि तेवढ्यातच तिचं वजन कळतं. संगणकावरचं ॲनिमेशन पाहायचं ते याच नजरेनं.

आपल्या दादासाहेब फाळक्यांनी 1915 साली ‘आगकाड्यांची मौज’ ही फिल्म केली, तेव्हा काडी किंचित सरकवायची, एक फ्रेम टिपायची, पुन्हा सरकवायची, असा उद्योग होता. पुढे ‘पॉवर ॲनिमेटर’, ‘सॉफ्टइमेज’ ही सॉफ्टवेअर आली. कलावंतानं महत्त्वाच्या पोझ ठरवायच्या, मधल्या फ्रेम संगणक भरणार. पण त्या सगळ्या सारख्याच वेगानं भरल्या, की हात उचलणारा माणूस लाकडी वाटतो. म्हणून कलावंत वेगाचा आलेख उघडून बसतो. कुठे रेंगाळायचं, कुठे झेपावायचं, हे त्या वक्ररेषेत ठरतं. खरी कला तिथे आहे.

‘जुरासिक पार्क’च्या वेळी, म्हणजे 1993च्या आधी, डायनोसॉर संगणकावर करायचं ठरलं आणि फिल टिपेट यांच्यासारख्या बाहुल्या हलवणाऱ्या कारागिरांचं काम संपलं, असंच वाटलं. मग धातूच्या सांगाड्याच्या सांध्यांत सेन्सर बसवले. कारागीर तो हातानं हलवी आणि पडद्यावरचा डायनोसॉर तशी हालचाल करी. बोटांत मुरलेली जाण वाया गेली नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

त्या काळी त्वचा, केस, कापड संगणकाला जड जाई. म्हणूनच ‘टर्मिनेटर 2’मधला माणूस चकचकीत धातूचा आणि 1995च्या ‘टॉय स्टोरी’चे नायक खेळणी! व्हिडिओ गेममध्ये तर अडचण त्याहून मोठी. 1996च्या ‘क्रॅश बँडिकूट’ या गेमचा प्राणी-नायक पॉवर ॲनिमेटरमध्ये घडला, तो जेमतेम 512 बहुकोनांचा, म्हणजे सपाट तुकड्यांचा. टीव्हीवर इवल्याशा दिसणाऱ्या त्या प्राण्याला मग भलंमोठं तोंड, जाड भुवया आणि हातमोजे दिले. रागावला की हसला, ते लांबूनही कळतं.

‘जुरासिक पार्क’ पुन्हा लागला, तर गॅलिमायमस डायनोसॉरांचा कळप धावतो तो प्रसंग आवाज बंद करून पाहा. तोंडांकडे नको, पायांकडे बघा. पाऊल टेकल्यावर अंग किती दबतं, आणि कळप वळताना कोण आधी झुकतं?