सर्व्हर भाड्याचा, राखण कोणाची?



कार्यक्रमपत्रिकेत आजच्या विषयाचे नाव वाचून आमच्या एका स्नेह्यांनी विचारले, "हा विषय संगणकवाल्यांचा, व्याख्यानमालेत त्याचे काय काम?" प्रश्न रास्त होता. परंतु येथे बसलेल्यांपैकी कित्येकांच्या पतसंस्थेचे, शाळेचे किंवा वाचनालयाचे दप्तर आज कपाटात नसून कुठल्या तरी दूरच्या इमारतीतील यंत्रात आहे. ते दप्तर राखायचे कोणी, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम शब्दांचा उलगडा करू. डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे सबंध एक संगणक, जो आपल्याखेरीज दुसऱ्या कोणालाही भाड्याने दिलेला नाही. तो राहतो डेटा सेंटरमध्ये. वीज, गारवा आणि इंटरनेटची जोडणी त्याचा मालक पुरवितो. अनमॅनेज्ड पद्धतीत मालकाचे कर्तव्य बहुतेक इथेच संपते. डिस्क निकामी झाली तर तो ती बदलून देईल. पण तिच्यावर काय होते हे त्याला ठाऊक नसते, आणि असण्याचे कारणही नाही. मॅनेज्ड पद्धतीत ऑपरेटिंग सिस्टिमची निगा, सुरक्षेचे पॅच, फायरवॉल, रात्रंदिवस देखरेख आणि बहुधा बॅकअप ही कामे तो अंगावर घेतो व त्याचे मोल भाड्यात धरतो. एकाने खोली घेऊन स्वतः चूल मांडली, दुसऱ्याने खानावळ लावली, असा हा भेद आहे. मात्र खानावळवाला ताट वाढतो, आपले पथ्य सांभाळीत नाही. आपण लिहवून घेतलेल्या प्रोग्रॅममधील चूक मॅनेज्ड सर्व्हरवाला सहसा सुधारून देत नाही, हे पुष्कळांना फार उशिरा कळते.

आता आमची फजिती सांगतो. आम्ही तिघेजण एका लहानशा संस्थेचे हिशेब सांभाळीत होतो. सर्व्हर घेतला तो अनमॅनेज्ड. स्वस्त पडतो हे सभेला सांगितलेले कारण. खरे कारण असे की आम्हाला लिनक्स येत होते आणि त्याचा थोडा अभिमान होता. दोन वर्षे सुखाची गेली. रोज रात्री बॅकअपचा प्रोग्रॅम चाले आणि काम पुरे झाल्याची नोंद करी. एके दिवशी कोणाच्या तरी हातून सभासदांच्या नोंदी पुसल्या गेल्या, म्हणून आदल्या रात्रीची प्रत उघडली, तर ती रिकामी! तीन महिन्यांपूर्वी आम्हीच डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. प्रोग्रॅमला तो कळविलाच नव्हता. तेव्हापासून तो बिचारा रिकामी फाईल इमानाने गुंडाळून ठेवीत होता. पावतीपुस्तके कागदाची होती म्हणून बचावलो. अकरा रात्री बसून नोंदी पुन्हा घातल्या. ज्या सभासदांच्या पावत्या सापडल्या नाहीत त्यांच्या दारी जाऊन हात जोडावे लागले, ते वेगळेच. ज्ञान आमच्यापाशी होते. प्रत उघडून पाहण्याची पाळी कोणाची, हे मात्र कधी ठरलेच नव्हते.

यावर कोणी म्हणेल, मग मॅनेज्ड घ्यावा आणि निश्चिंत झोपावे. तसेही नाही. फ्रान्समधील स्ट्रासबर्ग शहरात ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला १० मार्च २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागली. पाच मजली इमारत जळाली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. 'रस्ट' हा खेळ चालविणाऱ्या कंपनीचे २५ सर्व्हर गेले आणि त्यांवरील माहिती परत मिळाली नाही. ज्यांनी प्रत दुसऱ्या गावी ठेवली होती त्यांचे काम पुढे चालले. परंतु बॅकअपचे पैसे भरलेल्या एका ग्राहकाची प्रतही मूळ सर्व्हरच्याच ठिकाणी ठेवलेली निघाली! हा वाद न्यायालयात गेला, आणि लील येथील वाणिज्य न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ग्राहकाच्या बाजूने भरपाईचा निकाल दिला. म्हणून 'बॅकअप आहे' या दोन शब्दांवर सही करू नये. प्रत कोणत्या शहरात, किती दिवसांची, आणि परत मिळवून देण्यास किती तास, हे करारात लिहवून घ्यावे. दोन डिस्कवर एकच मजकूर उतरविणाऱ्या रेडलाही बॅकअप समजू नये. एकीवर पुसलेले दुसरीवरही त्याच क्षणी पुसले जाते.

पॅचचे महत्त्व एका उदाहरणाने पुरे होईल. ओपनएसएसएलमधील हार्टब्लीड हा दोष ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झाला, आणि दुरुस्तीही त्याच दिवशी निघाली. ज्यांनी ती बसविली नाही त्यांच्या सर्व्हरच्या मेमरीतील मजकूर, गुप्त किल्ल्यांसुद्धा, परक्याला वाचता येत होता. अनमॅनेज्ड सर्व्हर घेणाऱ्याने स्वतःला विचारावे: असा दिवस शनिवारी, ऐन लग्नसराईत उगवला, तर सर्व्हरपाशी बसणार कोण? आपल्याकडे सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते व लॉग १८० दिवस जपावे लागतात. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही, काम दुसऱ्याकडे सोपविले तरी जबाबदारी मूळ संस्थेवरच ठेवतो.

आमचे मत विचाराल तर, पगारी माणूस असेल आणि तो रजेवर गेल्यास दुसरा असेल, तर अनमॅनेज्ड सर्व्हर खुशाल घ्यावा; हवी तशी मांडणी करण्याची मोकळीक त्यात पुरी मिळते. हौशी माणसांच्या भरवशावर चालणाऱ्या संस्थेने तो घेऊ नये. मॅनेज्डचे भाडे जास्त वाटते, कारण तुलना नुसत्या भाड्याशी होते. त्यात रात्री जागणाऱ्याचा पगार मिळवून पाहावा.

आम्ही आता मॅनेज्ड सर्व्हर घेतला आहे. तरी एक प्रत दुसऱ्या शहरात, दुसऱ्या कंपनीकडे असते, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्हा तिघांपैकी एकजण ती वेगळ्या संगणकावर उघडून पाहतो. गेल्या महिन्यात पाळी आमची होती. सत्तावीस मिनिटे लागली.